हीटर प्लग : पहाटे न लागणाऱ्या गाडीचे दुखणे



थंडी पडू लागली की आपल्या कार्यक्षेत्रातल्या वाड्यावस्त्यांवर पहाटेचा एक आवाज ओळखीचा होतो. पिकअपचा सेल्फ घरघरत राहतो, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गाडी काही लागत नाही. मग शेजारपाजारची चार माणसे धक्का मारायला बोलावली जातात. दिवस वर आला की हीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये लागते आणि मालक म्हणतो, "गाडीत काही दोष नाही, थंडीच जास्त होती." बहुतेक वेळा दोष असतो. तो एका बोटाएवढ्या भागात असतो. त्याला कंपनीच्या पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात आणि आपले फिटर हीटर प्लग म्हणतात.

ऊस विकास विभागाने उसाचे सोडून इंजिनावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. सुरू हंगामाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन थंडीत येते. बेणे मळ्यातून बेणे सकाळी लवकर उचलावे आणि तोडल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत लावावे, असे आम्ही दरवर्षी सांगतो. बेणे वाळले की डोळे मरतात, उगवण विरळ होते आणि पुढे वर्षभर नांग्या भरत बसावे लागते. हे बेणे आता बैलगाडीतून येत नाही, सभासदाच्या छोट्या टेम्पोतून किंवा पिकअपमधून येते. गाडी पहाटे न लागल्यामुळे बेणे बांधावर पडून राहिल्याची उदाहरणे आमच्यासमोर आहेत. तेव्हा हा विषयही शेवटी उसाचाच आहे.

एक उदाहरण

आपल्या एका सभासदाची पिकअप आठवड्यातून तीन वेळा भाजीपाला घेऊन ओतूरहून माळशेज घाट उतरते आणि मुरबाडवरून कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात माल टाकून येते. गेल्या डिसेंबरात ही गाडी घरी पहाटे लागेना. मालकाने परतीच्या वाटेवर खालीच एका गॅरेजमध्ये दाखवली. फिटरने चावी फिरवली, गाडी ताबडतोब लागली. बॅटरी जुनी दिसली म्हणून बॅटरी बदलली. पुढच्या खेपेला सेल्फ खोलून घेतला. तरी वर आल्यावर पहाटेचे रडगाणे तेच. शेवटी आपल्याच भागातल्या एका फिटरने घरी येऊन, इंजिन गार असताना मीटर लावला. चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले निघाले. तोवर बॅटरी आणि सेल्फ यांचा खर्च होऊन गेला होता आणि बेण्याची एक खेप दोन दिवस लांबली होती.

खालच्या फिटरला आम्ही दोष देत नाही. घाटाच्या वर थंडीच्या लाटेत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. बदलापूरची पहाट मुंबईच्या मानाने गार असते हे खरे, पण गाडी गॅरेजात पोचते ती दुपारी. तेव्हा पारा तिशीकडे गेलेला असतो आणि साठ-सत्तर मैलांच्या रपेटीने इंजिन तापलेले असते. तापलेल्या इंजिनाला हीटर प्लगची गरजच नसते. मग दोष दिसणार कसा? या लेखात पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच : हीटर प्लगचा दोष गार इंजिनातच पकडता येतो. तापासाठी डॉक्टरकडे ताप उतरल्यावर जाऊन उपयोग नाही, तसेच हे आहे.

हा प्लग करतो काय?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तेथे पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबानेच तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, तोच प्रकार, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. वीस-बावीस भाग हवा एका भागात दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेट घेतो.

आता इंजिन रात्रभर उघड्यावर उभे राहून गार झाले असेल, तर दाबलेल्या हवेची बरीचशी उष्णता भोवतालचे गार लोखंडच खाऊन टाकते. सेल्फवर इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे उष्णता निसटायला वेळही मिळतो. डिझेल फवारले जाते पण पेटत नाही, त्याची वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. तोच आपला पांढरा धूर. गुऱ्हाळाचे चुलवाण गार असताना चिपाड कितीही कोंबले तरी धूरच होतो आणि एकदा चुलवाण तापले की तेच चिपाड भडाभडा जळते. हीटर प्लगचे काम म्हणजे त्या गार चुलवाणात पहिला निखारा ठेवण्याचे. चावी अर्धी फिरवली की त्याचे टोक लालभडक होते, साधारण ८५० ते १००० अंशांपर्यंत तापते आणि त्याच्याजवळून जाणारा फवारा पेटतो.

कोणत्या गाडीला हा प्लग असतो?

सगळ्या डिझेल गाड्यांना हीटर प्लग नसतो. हे आधी नीट समजून घ्यावे, म्हणजे नसलेला भाग शोधत बसावे लागत नाही.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या एका छोट्या खोलीत फवारले जाते. तिला प्रीचेंबर म्हणतात. या खोलीच्या भिंती उष्णता फार शोषतात, म्हणून अशा इंजिनाला हीटर प्लग लागतोच. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तेव्हा सुरुवातीची इंजिने प्रीचेंबरची होती. ते सहकार्य १९६९ पर्यंत चालले. पुढे मोठ्या ट्रकना थेट फवाऱ्याची म्हणजे डीआय इंजिने आली. ती आपल्या हवेत हीटर प्लगशिवाय लागतात. कारखान्याला ऊस आणणारे बहुतेक मोठे ट्रक आणि ट्रॅक्टर या दुसऱ्या जातीचे आहेत. काही ट्रॅक्टरांना प्लगऐवजी हवेच्या मॅनिफोल्डवर एक हीटर बसवलेला असतो. तो वेगळा भाग आहे.

छोट्या गाड्यांत मात्र हीटर प्लग टिकून राहिला. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरला पुढे मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचे इंजिन बसले, ते प्रीचेंबरचे. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, याचे दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे इंजिनही त्याच जातीचे. त्याला दोन प्लग असतात. आताच्या नव्या कॉमन रेल पिकअप आणि जीपगाड्या थेट फवाऱ्याच्या असल्या तरी त्यांतही अनेकांना हीटर प्लग असतो, कारण गाडी लागल्यावरही थोडा वेळ प्लग तापता ठेवून धूर कमी करता येतो. आपली गाडी कोणत्या जातीची हे पुस्तकात पाहावे किंवा माहितगार फिटरला विचारावे.

दुखणे ओळखण्याच्या खुणा

१. पहाटे सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, दुपारी लागत नाही.

२. सेल्फ मारताना पांढरा धूर येतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो.

३. गाडी लागल्यावर पहिले मिनिट-दोन मिनिटे इंजिन लंगडते, हादरे देते आणि मग आपोआप सुरळीत होते. म्हणजे एक-दोन सिलिंडर उशिरा पेट घेत असतात.

४. पहाटेचा त्रास दर आठवड्याला थोडा थोडा वाढत जातो. एकेक प्लग मरत जातो, तशी ही वाढ होते.

याउलट गाडी दुपारीही जड लागत असेल तर प्लगच्या मागे लागू नये. बॅटरी उतरलेली असणे, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरणे, फिल्टर चोंदणे, नोझल गळणे किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरणे ही कारणे तपासावीत.

येथे एक गैरसमज दूर करतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. पुष्कळांना वाटते की दिवा लागला म्हणजे प्लग चांगले आहेत. जुन्या गाड्यांत तसे नसते. तो दिवा टायमरचा आहे, प्लगची साक्ष देत नाही. चारी प्लग मेलेले असले तरी दिवा नेहमीसारखा लागतो आणि विझतो.

तपासणी कशी करावी?

तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करावी. लागणारे सामान म्हणजे १२ व्होल्टचा टेस्टर बल्ब आणि विजेच्या कामाचा साधा मीटर.

पहिली पायरी : प्लगच्या डोक्यावर विजेची पट्टी किंवा तार असते. टेस्टरचे एक टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरे त्या पट्टीला लावावे आणि दुसऱ्या माणसाला चावी अर्धी फिरवायला सांगावी. बल्ब काही सेकंद लागला तर वीज प्लगपर्यंत पोचते आहे. लागलाच नाही तर दोष प्लगच्या अलीकडे आहे : फ्यूज, रिले, टायमर किंवा गंजलेले टोक. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे रिले गंजून निकामी होतात. उल्हास नदीकाठच्या सखल भागात ज्यांच्या गाड्या पावसाळ्यात उभ्या असतात, त्यांनी ही पायरी मुळीच चुकवू नये. रिले खराब असताना नवे प्लग घालणे म्हणजे मोटार जळालेली असताना पाइप बदलण्यासारखे आहे.

दुसरी पायरी : चावी बंद करून पट्टी काढावी, म्हणजे प्रत्येक प्लग सुटा होतो. मीटर ओहमवर ठेवावा. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना लावून येणारा आकडा टिपावा आणि पुढच्या मोजणीतून तो वजा करावा. मग एक तार प्लगच्या डोक्याला आणि दुसरी इंजिनाला लावावी. चांगल्या प्लगचा आकडा साधारण अर्धा ते दोन ओहम येतो आणि सगळ्या प्लगांचा जवळजवळ सारखा असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार जळालेली आहे, तो प्लग मेला. एकाचा आकडा इतरांपेक्षा फार वेगळा आला तरी तोही बदलण्याच्या यादीत घालावा.

तिसरी पायरी केवळ ११-१२ व्होल्टच्या साध्या धातूच्या प्लगसाठी आहे. प्लग काढून व्हाइसमध्ये धरावा, जाड तारांनी बॅटरीला जोडावा आणि बाजूला उभे राहून पाहावे. टोक आधी लाल झाले पाहिजे. मधला भाग आधी लाल झाला किंवा टोक काळेच राहिले तर प्लग निकामी. नव्या गाड्यांत ४ ते ७ व्होल्टचे आणि चिनी मातीच्या जातीचे म्हणजे सिरॅमिक प्लग असतात. त्यांना बॅटरी थेट लावली तर ते क्षणात जळतात आणि फुटूनही उडतात. त्यांच्यावर हा प्रयोग कधीही करू नये. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा गाड्यांत प्लगचा कारभार इंजिनाचा संगणक पाहतो. तेथे स्कॅनर लावला की पी ०६७१ ते पी ०६७४ असे कोड येतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो.

खरेदी : डबी नव्हे, नंबर पाहावा

आपल्या पट्ट्यातले पुष्कळ लोक सुटे भाग उल्हासनगरातून आणतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आजही तेथे पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. हातात काही नसताना त्या लोकांनी कष्टाने उभा केलेला हा व्यापार आहे. तेथल्या कारागिरीवर 'मेड इन यू. एस. ए.', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा एक जुना विनोद सगळ्यांनी ऐकलेला आहे. विनोद असू द्या. नकली माल हा एका गावाचा दोष नाही, तो आपल्या तालुक्याच्या पेठेतही मिळतो. घेणाऱ्याने पाहून घ्यावे एवढाच त्यातला धडा. अंबरनाथ-बदलापूरला औद्योगिक वसाहती असल्याने गाड्यांची वर्दळ मोठी आणि सुट्या भागांची दुकानेही बरीच. तेथेही हाच नियम.

पाहायचे ते असे. जुना प्लग बरोबर न्यावा. त्याच्या अंगावर कंपनीचा नंबर आणि व्होल्टेज कोरलेले असते, ते नव्याशी ताडून पाहावे. आट्याची जाडी, आट्याखालच्या टोकाची लांबी आणि टोकाची जाडी दोन्ही प्लग शेजारी धरून मोजावी. टोक दोन-तीन मिलिमीटर लांब असले तर ते फवाऱ्यात जाऊन जळते किंवा आत कशाला तरी आदळते, आखूड असले तर फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. कमी व्होल्टचा प्लग १२ व्होल्टच्या गाडीत बसतो नीट, पण पहिल्याच पहाटे जळतो. नंबर पुसट असेल किंवा अंगावर नंबरच नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पक्के बिल घ्यावे. सिरॅमिक प्लग खाली पडला तर तो दिसायला धड असला तरी वापरू नये, बारीक तडा गेलेला असतो.

एक प्लग मेला आणि बाकीचे त्याच वयाचे असतील तर सगळे एकदम बदलणे शहाणपणाचे. जुन्या इंजिनांत सगळे प्लग एका माळेत जोडलेले असतात. तेथे एक जळला की माळेतले सगळेच गार पडतात, त्यामुळे तेथे तर एकाच जातीचे प्लग हवेत.

बदलण्याची रीत

आता मुख्य काम. हीटर प्लग काढताना सगळ्यात मोठा धोका म्हणजे प्लग मोडणे. वर्षानुवर्षे तापून-गार होऊन आटे धरलेले असतात आणि टोकाभोवती काजळीचा थर घट्ट झालेला असतो. तेथे जोर केला की प्लगचे डोके हातात येते आणि धड हेडमध्ये राहते. मग काही शे रुपयांच्या भागासाठी हेड उतरवावे लागते. म्हणून घाई करणाऱ्याने या कामाला हात घालू नये.

१. आदल्या संध्याकाळी प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे.

२. दुसऱ्या दिवशी गाडी चालवून इंजिन नेहमीसारखे तापवावे. गरम हेडमध्ये आटे सैल होतात. मग इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. हात भाजणार नाहीत याची काळजी घ्यावी.

३. प्लगभोवतीची माती ब्रशने व हवेच्या फवाऱ्याने साफ करावी. प्लग निघाल्यावर ती माती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

४. डोक्यावरचा छोटा नट काढून पट्टी सोडवावी. नट नाजूक असतो, जोर लावू नये.

५. खोल बॉक्स पाना प्लगवर सरळ बसवावा. तिरका पाना प्लग मोडतो. सावकाश, सारखा जोर द्यावा. थोडा सुटला की पुन्हा किंचित आवळावा, पुन्हा सोडवावा, असे करत बाहेर आणावा. टॉर्क पाना असेल तर उत्तम. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगला साडेतीन किलोग्रॅम-मीटरच्या वर आणि ८ मिलिमीटरच्याला दोनच्या वर जोर देऊ नये. तेवढ्यावर सुटला नाही तर थांबावे. पुन्हा तेल, पुन्हा इंजिन तापवणे, पुन्हा प्रयत्न. दोन दिवस गेले तरी चालतील.

६. निघालेला प्लग नीट पाहावा. टोक राखाडी-काळे आणि अखंड असेल तर तो वयाने गेला. टोक वितळलेले, फुगलेले किंवा खाल्लेले असेल तर नोझलचा फवारा बिघडलेला आहे, टायमिंग पुढे गेले आहे किंवा रिले चिकटून प्लग सतत तापत राहिला आहे. हे कारण न शोधता नवा प्लग घातला तर तोही महिन्याभरात तसाच होईल. टोक तुटून आत राहिले असेल तर तो तुकडा निघेपर्यंत सेल्फ मारू नये.

७. प्लगच्या भोकातली काजळी त्या मापाच्या रीमरने, रीमरला ग्रीस लावून काढावी, म्हणजे काजळी ग्रीसला चिकटून वर येते. मग पंपाचे डिझेल बंद करून बॅटरी जोडावी आणि दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. उरलेली काजळी हवेबरोबर बाहेर उडते. त्या वेळी कोणी भोकांसमोर वाकून पाहू नये. नंतर बॅटरी पुन्हा सोडवावी.

८. नवा प्लग आधी हाताने फिरवत बसवावा. हाताने चार-पाच आटे सहज गेले पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा सरळ लावावा. आट्यांना न धरणारे ग्रीस अगदी थोडे लावावे, टोकाला आणि बैठकीला लावू नये. मग टॉर्क पान्याने आवळावा : १० मिलिमीटरला साधारण दीड, १२ मिलिमीटरला सव्वादोन ते अडीच किलोग्रॅम-मीटर. आपल्या गाडीच्या पुस्तकात आकडा वेगळा असेल तर तोच खरा मानावा.

९. पट्टीची टोके पॉलिश कागदाने घासून बसवावीत, नट हलका आवळावा, बॅटरी जोडावी आणि टेस्टरने वीज पाहावी. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे, गार इंजिनावर.

या परीक्षेतही गाडी जड लागली तर प्लगच्या भोकातूनच कॉम्प्रेशनचे माप घेता येते. फिटरकडे गेज असेल तर ते घ्यावे. कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनाला नवा प्लग तात्पुरता टेकू देतो, औषध नव्हे.

हे करू नये

हवेच्या नळीशी पेटता बोळा धरून गाडी लावण्याचा प्रकार अजून चालतो. त्याने फिल्टर पेटून गाडी गेल्याचे ऐकिवात आहे. ईथरचा स्प्रे तर हीटर प्लगच्या गाडीत कधीही मारू नये. लाल झालेल्या टोकावर ईथर वेळेआधीच स्फोटासारखा पेटतो आणि रिंगा, पिस्टन फुटतात. मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी जोडून आपली १२ व्होल्टची गाडी लावू नये, सगळे प्लग एका दमात जळतील. पिवळा दिवा विझण्यापूर्वी सेल्फ मारू नये. फार थंडी असेल तर दिवा विझल्यावर चावी बंद करून पुन्हा एकदा दिवा होऊ द्यावा आणि मग सेल्फ मारावा.

सभासदांना विनंती

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, असे लोक सांगतात. घाट चढण्याआधी थकलेला घोडा बदलून ताजा घ्यायचा, वाटेत तो बसेपर्यंत थांबायचे नाही, यात शहाणपण आहे. हीटर प्लगचेही तसेच करावे. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, थंडी पडण्याआधी, एका सकाळी मीटर लावून आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षीचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहिले की कोणता प्लग खाली येतो आहे ते आधीच कळेल. ज्या सभासदांची गाडी बेण्याच्या वाहतुकीला लागणार आहे, त्यांनी ही तपासणी उरकून मगच बेणे मळ्यावर तारीख मागावी. बेणे तोडणारी माणसे सकाळी सातला कोयता घेऊन उभी असतात आणि तोडलेल्या बेण्याचे २४ तास त्याच क्षणी सुरू होतात.

— ऊस विकास अधिकारी,
ऊस विकास विभाग